अजून न शिवलेली सीट

१

सीटवाल्यांना कॉम्प्युटरचा राग होता, आणि बहुधा कॉम्प्युटरलाही त्यांचा असावा.

रोज दुपारचा चहा झाला की ते मुलाच्या खोलीत जायचे, चष्मा पुसायचे आणि त्या नव्या गाडीचं पान उघडायचे. गाडी अजून बाजारात आलेली नव्हती. यायला दोन-तीन महिने होते. पण कंपनीनं लोकांना नादी लावायला सोय करून ठेवली होती. आपली गाडी आपणच जुळवायची. रंग निवडा, चाकं निवडा, सीटचं कापड निवडा, हौस असेल तर टाक्याचा दोरासुद्धा निवडा. निवडाल तसं समोरचं चित्र बदलायचं. मग ‘सेव्ह करा’ दाबायचं. ते दाबलं की पान गोल गोल फिरायचं आणि शेवटी म्हणायचं, ‘क्षमस्व. काहीतरी चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’

‘काहीतरी म्हणजे काय?’ सीटवाले पडद्यावर ओरडायचे. ‘माझं चुकलं का तुझं, तेवढं तरी सांग की!’

‘अहो, शेजारी ऐकतात,’ स्वयंपाकघरातून बायको म्हणायची.

सीटवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली, फोम बदलले, उसवलेलं सांधून दिलं, म्हणून सगळा बाजार त्यांना त्याच नावानं हाक मारायचा. उजवा गुडघा कामातून गेला तेव्हा दुकान बंद केलं, नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. गंमत अशी की आख्खा जन्म गाड्यांत काढून त्यांना गाडी चालवता येत नव्हती. ‘माझं काम सीटशी, स्टिअरिंगशी माझं काय घेणं?’ असं ते वर तोंड करून सांगायचे.

आता मुलगा घरातली पहिली गाडी घेणार होता. ‘बाकीचं मी बघतो बाबा, सीटचं तुम्ही बघा,’ असं तो म्हणाला, आणि सीटवाल्यांना बऱ्याच दिवसांनी काम मिळालं. मागे दोन सुट्या, रुंद सीट असलेली गाडी त्यांनीच ठरवली. डाव्या दाराशी बायको, उजव्या दाराशी ते. बायकोचा डावा खुबा दुखायचा, म्हणून ती सगळा भार उजवीकडे टाकून बसायची. ह्यांचा उजवा गुडघा आखडलेला, म्हणून हे डावीकडे कलंडून. दोघं शेजारी बसले की एकमेकांकडे झुकलेले दिसायचे आणि सून तोंडावर हात ठेवून हसायची. बायकोला आरामात, खुबा न दुखता, लांबच्या प्रवासाला नेता यावं, एवढ्यासाठी सीटवाले त्या पानाशी रोज भांडत होते.

२

सीट बघून माणूस ओळखायचं कसब त्यांच्याकडे होतं. गाडी दुकानासमोर उभी राहिली की ते दार उघडून आत डोकावायचे आणि मालकाला म्हणायचे, ‘तुमच्या मिसेस पाय वर घेऊन बसतात वाटतं?’ किंवा, ‘साहेब, मागच्या खिशात काय जाडजूड ठेवता? कंबर जाईल.’ गिऱ्हाईक बघतच राहायचं.

यात एक खुबी होती. कारागीर सीटसमोर गुडघे टेकून, सीटकडे तोंड करून काम करतो. त्याच्या उजव्या हाताला येतं ते बसणाऱ्याचं डावं, आणि डाव्या हाताला येतं ते उजवं. नवशिके इथं हटकून गोंधळतात आणि कव्हर उलटं बेततात. सीटवाल्यांच्या डोळ्यांत मात्र ही उलटापालट इतकी मुरलेली होती की सीट समोर दिसली की ती आपोआप व्हायची. त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नसे.

तर, एका दुपारी त्यांनी त्या पानावर ‘चालकाच्या जागेवरून’ नावाचं बटण दाबलं. समोर स्टिअरिंग आलं, काच आली आणि काचेच्या वर मधोमध असतो तो छोटा आरसा आला. आरशात मागच्या दोन्ही सीट दिसत होत्या, काडेपेटीएवढ्या. सीटवाल्यांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.

उजवीकडे दिसणारी सीट दबलेली होती.

फार नाही. पाच-सहा महिने वापरली तर दबते तेवढी. शेजारची कोरी करकरीत. सीटवाल्यांच्या डोळ्यांनी सवयीनं वाचन केलं. उजव्या हाताला आहे, म्हणजे बसणाऱ्याची डावी सीट. खळगा डाव्या अंगाला खोल, म्हणजे बसणाऱ्याचा भार उजवीकडे. डावी सीट, उजवीकडे भार. ही तर आपल्या घरातली बसायची तऱ्हा!

‘काय मूर्खपणा आहे,’ ते पुटपुटले. नव्या गाडीच्या जाहिरातीत वापरलेली सीट? त्यांनी तडक कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली.

‘सर, ती चित्रं कॉम्प्युटरवर तयार केलेली आहेत. तो फोटो नाहीये.’

‘मग त्या सीटवर बसलंय कोण?’

‘सर, कोणी बसणार कसं? गाडी अजून बनायचीय. सीट पण अजून शिवलेली नाहीये.’

‘अहो ताई, शिवलेली नाही ते मला कळतं. पण दबलेली आहे त्याचं काय?’

तिनं तिकडे काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, ‘सर, एकदा ब्राउझरची हिस्ट्री पुसून बघाल का?’

सीटवाल्यांनी फोन आपटला.

३

हिस्ट्री पुसली. मुलाचा लॅपटॉप सोडून सुनेच्या फोनवर बघितलं. गाडी सगळी मोडून पहिल्यापासून जुळवली. काळं कापड काढून तपकिरी टाकलं, तपकिरी काढून राखाडी. आरशातल्या सीटचा रंग मुकाट बदलायचा आणि खळगा जागच्या जागी असायचा. ‘मागची रांग’ म्हणून एक वेगळं बटण होतं, त्यात त्याच सीट समोरून, मोठ्या, लख्ख दिसायच्या. तिथं दोन्ही कोऱ्या. दबलेली सीट होती ती फक्त त्या आरशात.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, तर सीटवाल्यांनी त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

‘हे बघ. दिसतंय?’

मुलानं डोळे बारीक केले. ‘बाबा, एवढं झूम केल्यावर चित्र फाटतं. डाग आहेत ते.’

‘डाग? अरे, जन्मभर हेच केलं मी. फोम बसलाय तो. शिलाईचा टाका ताणलाय बघ इथं.’

‘अहो पण गाडी अजून...’

‘बनलेली नाही! माहितीय मला! सगळे तेच सांगताय!’

मुलगा बूट काढायला गेला. आत जाऊन तो आईला हळू आवाजात काहीतरी म्हणाला, आणि सीटवाल्यांना नेमकं ऐकू आलं : ‘घरी बसून बसून होतं असं.’ त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. चीड आली म्हणून आलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

खरी गोची पुढेच होती. खळगा वाढत होता. आठवड्यात त्या सीटनं दोन वर्षांची झीज काढली. काठाचं कापड गुळगुळीत झालं, उतरताना घासतं तिथला दोरा विरला. दुसऱ्या आठवड्यात पाच वर्षांची. आणि शेजारची सीट तशीच, कारखान्यातून आल्यासारखी. तिच्यावर एक सुरकुती नाही.

शेजारची सीट म्हणजे कोणाची, हे सीटवाल्यांनी दहा-बारा दिवस मनात येऊ दिलं नाही. सीट वाचून वाचून आपलं डोकं फिरलं असेल. कंपनीच्या पोरांनी कुठलं तरी जुनं चित्र डकवलं असेल. उद्या दुरुस्त करतील. उद्या येई, आणि बायको पाच वर्षं एकटीच बसून प्रवास करतेय हे आरसा पुन्हा दाखवी.

शेवटी एका दुपारी ते लॅपटॉपसमोर मोठ्यानं म्हणाले, ‘म्हणजे मी नाही.’

‘काय नाही?’ बायकोनं विचारलं. ती वाळलेले कपडे घेऊन दारात टेकली होती.

‘काही नाही. तू कशाला तिथं थांबलीस?’

‘गच्चीवरून आले. जरा दम खाते,’ ती म्हणाली.

४

माणसाला आपण जाणार असं वाटायला लागलं की तो शहाणा होतो म्हणतात. सीटवाले चिडके झाले.

त्यांनी बायकोला घरातले कागद कुठल्या कपाटात असतात ते दाखवलं. तिनं, ‘ते मीच ठेवलेत तिथं,’ असं सांगितल्यावर तिच्यावरच डाफरले. पाण्याच्या मोटारीचं बटण, नळवाल्याचा नंबर, विम्याच्या माणसाचा नंबर, सगळं वहीत लिहून काढलं.

‘कुठं निघालात?’ बायकोनं विचारलं.

‘कुठं नाही. माहीत असावं माणसाला.’

‘मला माहीत आहे सगळं. तुम्हालाच मोटार लावता येत नाही.’

मग त्यांनी तपासण्या काढल्या. रक्त झालं, लघवी झाली, छातीची ईसीजीची पट्टी काढून झाली, पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसायचे आणि त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. सीटवाले दुखरा गुडघा धरून कण्हत पुढे, बायको त्यांची फाइल घेऊन मागे. पहिल्या मजल्यावर ती पायरीवरच बसली.

‘थांबा हो जरा. दम लागतोय मला हल्ली.’

‘अगं, नंबर जाईल ना! मला गुडघा असून मी चढतोय.’

ती उठली. कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांनी थांबत वर आली. नंबर गेलेला नव्हता.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट केले. ‘काका, तुमच्या वयाला हे रिपोर्ट म्हणजे कमाल आहे. काही झालेलं नाही तुम्हाला.’

‘नीट बघा.’

‘नीटच बघितलंय.’

‘मग आणखी कसली तपासणी असते?’ सीटवाले खुर्चीच्या काठावर आले. ‘डोक्याची? डोक्याची करा.’

डॉक्टर हसले. त्यांची नजर सीटवाल्यांच्या मागे, स्टुलावर बसलेल्या बायकोकडे गेली. ‘काकूंना धाप लागलीय का? बघू का जरा?’

‘तिचं नंतर,’ सीटवाले म्हणाले. ‘आधी माझं काय ते सांगा.’

‘राहू दे हो डॉक्टर, जिन्यानं झालं,’ बायको म्हणाली आणि फाइल पिशवीत घातली.

५

गाडीच्या पहिल्या खेपेतली एक गाडी बघायला म्हणून शोरूममध्ये येणार, असा निरोप आला. मुलानं शनिवार ठरवला. बायको दोन दिवस आधीच, काय नेसायचं, याच्या चर्चेत होती. सीटवाल्यांना जायचंच नव्हतं. ज्या गाडीत आपण बसणार नाही, ती बघायची कशाला?

शुक्रवारी दुपारी त्यांनी पान उघडलं. आता शेवटचं, असं ठरवूनच उघडलं. घरात दोघंच होती, बायको बाहेरच्या खोलीत पडली होती. हल्ली ती दुपारची पडायची.

आरसा मोठा केला. वापरातली सीट पार म्हातारी झाली होती. पण सीटवाल्यांची नजर आज कोऱ्या सीटवर गेली. ती अगदी कोरी नव्हती. शेजारच्या सीटकडच्या काठावर, पुढच्या बाजूला, तळहाताएवढी जागा चमकत होती. एकाच जागी हात ठेवून ठेवून कापडाला तुकतुकी येते, तशी. बसलेलं तिथं कोणी नव्हतं. शेजारून कोणीतरी वर्षानुवर्षं तिथं हात ठेवत होतं.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं चारचौघांत कधी त्यांचा हात धरला नव्हता. ‘काहीतरीच काय,’ म्हणून झटकायची. आणि आता आपण नसताना रिकाम्या सीटवर हात ठेवून बसते होय? त्यांना तिचा राग आला, तिची माया आली, आणि उठून बाहेर जावं, तिला जागं करावं, असं फार वाटलं.

तेवढ्यात चित्र हललं.

आरशातली कोरी सीट दबली. दोन्ही अंगांना सारखी नाही, एकाच अंगाला जास्त. क्षणभर तशीच राहिली. मग फोम वर यायला लागला. चांगला फोम वर यायला वेळ घेतो. माणूस सीटवरून उठला की तो असाच वर येतो, सावकाश, आधी काठ आणि मग मधला भाग. सीटवाल्यांनी तो जन्मभर हजारदा बघितला होता. कोणीतरी नुकतंच त्या सीटवरून उठून गेलं होतं.

सीट सपाट झाली. पान गोल गोल फिरलं आणि म्हणालं, ‘धन्यवाद. तुमची निवड सेव्ह झाली आहे.’

दोन महिन्यांत पहिल्यांदा. सीटवाल्यांनी लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

बाहेर जाऊन त्यांनी बायकोला उठवलं. ‘उद्या जाऊ आपण,’ ते म्हणाले. ‘तुझी सीट मला बघून घ्यायचीय. तू नीट बसलीस की झालं.’

‘बरं,’ ती झोपेत म्हणाली. ‘आज काय प्रेम उतू चाललंय?’

६

शोरूममध्ये एसी होता, फरशी चकचकीत होती आणि मधोमध ती गाडी उभी होती. लोकांची गर्दी नव्हती. मुलगा आणि सून टेबलाशी कागद बघत बसले. कोट घातलेला सेल्समन सीटवाल्यांपाशी आला.

‘काका, या, पुढे बसा. स्टिअरिंगवर हात ठेवा, फोटो काढू.’

‘मला चालवता येत नाही.’

‘बसायला काय लागतं, काका!’

‘बसा हो,’ बायको म्हणाली. तिनं डावीकडचं मागचं दार उघडलं, तोल सांभाळत आत शिरली, खुबा सावरला आणि सुस्कारा टाकून टेकली. ‘अगंबाई, किती छान आहे हे! खरंच दुखत नाही.’

ते ऐकून सीटवाल्यांना बरं वाटलं. एवढं तरी साधलं. ते पाय उचलून, कसेबसे, चालकाच्या जागेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. समोर स्टिअरिंग होतं, काच होती आणि काचेच्या वर तो आरसा होता.

आरशात बायको दिसत होती. पदर सारखा करत होती.

ती डावीकडे दिसत होती.

सीटवाले बघत राहिले. डोळ्यांनी सवयीनं सांगितलं, डाव्या हाताला आहे म्हणजे उजवी सीट. त्यांनी मागे वळून बघितलं. बायको डाव्या सीटवर होती. पुन्हा आरशात बघितलं. डावीकडेच. ते समोर गुडघे टेकून बसलेले नव्हते. सीटकडे त्यांचं तोंड नव्हतं, पाठ होती, आणि आरसा डावं डावीकडेच दाखवत होता. आरशात उलटापालट करायचीच नसते. गाडी चालवणाऱ्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या दिवशी कळतं.

चित्रातली उजवीकडची सीट, वर्षानुवर्षं वापरलेली, ती उजवीच होती. चित्रात डाव्या अंगाला खोल होती, म्हणजे बसणाराही डावीकडेच कलंडत होता. ज्याचा उजवा गुडघा आखडलेला आहे, तो.

‘काका, इकडे बघा. हसा!’ सेल्समननं फोटो काढला.

‘मागे डिकी किती मोठी आहे ते बघते मी,’ बायको म्हणाली, आणि दार उघडून उतरली.

‘थांब!’ सीटवाले ओरडले. टेबलाशी मुलानं मान वर केली. सीटवाले धडपडत खाली उतरले, गुडघ्यातून कळ गेली, उभं राहवेना. मागचं उजवं दार हाताशी आलं. ते उघडून ते आत कोसळल्यासारखे बसले. अंग आपोआप डावीकडे कललं. तोल सावरायला त्यांनी हात टेकला, तो शेजारच्या सीटच्या काठावर पडला. पुढच्या बाजूला. त्यांनी जागा निवडली नव्हती, पण तीच जागा होती.

कापड कोमट होतं. हाताखाली फोम हळूहळू वर येत होता.

मागच्या काचेतून बायको दिसत होती. डिकीपर्यंत ती पोचलीच नव्हती. एक हात गाडीवर टेकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून उभी होती.

‘अगं,’ त्यांनी हाक मारली. ‘अगं, हा दम तुला कधीपासून लागतोय?’

तिनं काचेतून आत बघितलं आणि हसली. ‘घ्या! आत्ता विचारताय? कधीची सांगतेय मी तुम्हाला.’

‘डॉक्टरकडे चल. आत्ताच्या आत्ता.’

‘पुन्हा? तुमचे सगळे रिपोर्ट चांगले आलेत हो,’ ती म्हणाली. ‘गाडी बघू द्या मला निवांत.’

सीटवाल्यांनी उठायला जोर लावला. गुडघा हलला नाही. त्यांनी मुलाला हाक मारली, पुन्हा मारली, आणि मुलगा टेबलावरून उठून, ‘काय झालं बाबा?’ म्हणत यायला लागला. हाताखालच्या सीटचे काठ वर आले होते. मग मधला भाग आला. मुलगा पोचेपर्यंत ती पूर्ण सपाट झाली, कोणी कधी बसलंच नसल्यासारखी.